कंटेनर-डोमला मागचा पडदा बसवताना: आधी काय, मग काय आणि कुठे चुकते

दोन कंटेनर समांतर ठेवून त्यांच्या माथ्यावर कमानी उभ्या करायच्या, वर पीव्हीसीचे कापड ताणायचे, की शेड तयार. इथवरचे काम बहुतेक टोळ्या नीट करतात. बिघडते ते नंतर, मागची बाजू बंद करताना. छताचे कापड अजून सैल असते, शेवटच्या कमानीला तिरपा ताण दिलेला नसतो, आणि तशातच पडदा खालून ओढायला सुरुवात होते. पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात कमान आत झुकते, आयलेट (पट्टा ओवायची, धातूची कडी बसवलेली भोके) कापडासकट उपटून येतात आणि दोष कापडाला दिला जातो. कापड क्वचितच दोषी असते. चुकलेला असतो तो कामाचा क्रम.

पुढची सगळी मापे एका ठरावीक शेडची आहेत: ४० फुटी दोन कंटेनर, १५० मिमी उंचीच्या काँक्रीट ठोकळ्यांवर ठेवलेले, दोन्हींमधले आतले अंतर ८ मीटर, कमानीचा उठाव कंटेनरच्या माथ्यापासून २.४ मीटर. अशा कमानीची वक्र लांबी ९.८ मीटर येते, जमिनीपासून शेंडा ५.१४ मीटरवर जातो आणि मागच्या बाजूचे क्षेत्रफळ ३५.६ चौरस मीटर भरते. तुमचे अंतर वेगळे असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

१. मागवण्याआधी: वाऱ्याचा हिशेब

हा टप्पा सर्रास गाळला जातो, म्हणून इथे थोडे थांबू.

दोन्ही बाजू उघड्या असतात तेव्हा वारा शेडमधून आरपार जातो. एक बाजू बंद केली की तीच शेड पिशवीसारखी फुगते. उघड्या तोंडातून शिरलेला वारा पडद्याला बाहेर ढकलतोच, शिवाय छताला खालून उचलतो, आणि त्याच वेळी छतावरून जाणारा वारा त्याला वरून ओढत असतो. म्हणजे पडद्यामुळे भार फक्त मागच्या भिंतीवर वाढत नाही, अख्ख्या शेडवर वाढतो.

आपल्याकडे वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ भाग ३ (२०१५) हे मानक लागते. त्यात मूळ वाऱ्याचा वेग पुणे व नाशिकसाठी सेकंदाला ३९ मीटर, मुंबई व नागपूरसाठी ४४ मीटर आहे. दाब काढायचा तो वेगाचा वर्ग गुणिले ०.६ असा; उत्तर न्यूटनमध्ये येते, किलोसाठी ९.८ ने भागायचे. ३९ ला चौरस मीटरमागे सुमारे ९३ किलो येतात, ४४ ला ११८ किलो. आपल्या ३५.६ चौरस मीटरच्या पडद्यावर हा भार अनुक्रमे ३.३ आणि ४.२ टन होतो. जमिनीचा प्रकार, उंची आणि आकाराचे गुणक लावल्यावर हे आकडे खालीवर होतील, पण अंदाज यायला एवढे पुरे.

आता छत पाहा. शेडचा पायठसा ८ गुणिले १२.२, म्हणजे सुमारे ९८ चौरस मीटर. आतला आणि बाहेरचा दाब मिळून गुणक फक्त १ धरला, तरी ३९ च्या वेगाला छत ९ टनांनी वर उचलले जाते. ४० फुटी रिकामा कंटेनर पावणेचार टनांच्या आसपास भरतो. दोन मिळून साडेसात टन. रिकाम्या कंटेनरांच्या वजनावर भिस्त ठेवून मागची बाजू बंद करू नका. कॉर्नर कास्टिंग (कंटेनरच्या कोपऱ्यांतले ओतीव पोलादी ठोकळे) खालच्या काँक्रीटला बांधलेले हवेत, किंवा कंटेनरमध्ये कायमचे वजन हवे. हा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. त्याची फी नव्या छतापुढे काहीच नाही, आणि शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसांच्या जिवापुढे तर ती मोजूच नये.

*सावध: छत बसवणाऱ्याने दिलेली हमी दोन्ही बाजू उघड्या धरून दिलेली असू शकते. पडदा नंतर लावणार असाल तर ते त्याला आधी सांगा.*

२. कोणती बाजू बंद करायची

कोकणात पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, तेव्हा बंद बाजू तिकडे आणि उघडे तोंड उलट दिशेला. पठारावर एप्रिल-मेच्या वळवाचा वारा कुठूनही येतो. तिथे जुन्या झाडांचा झुकाव पाहा आणि गावकऱ्यांना विचारा.

दुसरी अट कंटेनरच्या दारांची. कंटेनरचे दार २७० अंशांत फिरून बाजूच्या भिंतीला टेकते. प्रत्येक पान सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. दारांच्या टोकाला पडदा लावला तर आतले पान उघडताना थेट पडद्याच्या उभ्या कडेवर घासते, आणि पडद्याची कड दाबून धरणारी लोखंडी पट्टी जोडायला कंटेनरच्या कोपऱ्याचा जो खांब लागतो त्यावर बिजागऱ्या असतात. म्हणून पडदा नेहमी बिनदाराच्या टोकाला. न्हावा शेवा परिसरातल्या यार्डातून वापरलेले कंटेनर आणताना ट्रेलरवर दारे कोणत्या तोंडाला आहेत हे उतरवण्याआधीच ठरवा. एकदा जागेवर बसलेला कंटेनर फिरवायचा म्हणजे क्रेनचे दुसरे भाडे.

३. मोजमाप

पडदा शिवून आल्यावर चूक दुरुस्त होत नाही, तेव्हा मापे दोन माणसांनी स्वतंत्र घ्यावीत आणि मग जुळवावीत.

अ) दोन्ही कंटेनरमधले अंतर चार ठिकाणी मोजा: पुढे-मागे, वर-खाली. १० मिमीपेक्षा जास्त फरक नको.

आ) आतल्या कोपऱ्यांपासून दोन्ही कर्ण मोजा. या शेडला ते १४.५८ मीटर येतात. फरक २० मिमीच्या आत हवा. एक कंटेनर दुसऱ्यापेक्षा फक्त १० सेंमी पुढे सरकला असेल तर कर्णांत साडेसोळा सेंमीचा फरक दिसतो, त्यामुळे ही तपासणी चूक लपू देत नाही.

इ) उंची जमिनीपासून मोजा, कंटेनरच्या तळापासून नव्हे. खालचे ठोकळे विसरल्यामुळे १५० मिमी आखूड आलेले पडदे ही नेहमीची गोष्ट आहे. साधा कंटेनर २.५९ मीटर उंच, हाय-क्यूब २.९० मीटर, दोन्ही बाजूंना एकाच जातीचा आहे ना, तेही पाहून घ्या.

ई) कमानीचा आकार कागदावरच्या त्रिज्येवरून देऊ नका. बसवलेल्या कमानीच्या दोन पायांमध्ये दोरी ताणा आणि दर अर्ध्या मीटरला दोरीपासून कमानीपर्यंतची उंची लिहा. बोल्ट कसल्यावर कमान थोडी पसरलेली असते.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. पडदा उघड्या भागाच्या बरोबर मापाचा मागवतात. तसा पडदा ताणायला जागाच उरत नाही: पडद्याला कमानीशी बांधणारा पट्टा पूर्ण आवळला तरी कापड सैल. वरची वक्र कड कमानीपासून ५० मिमी आत हवी. पडद्याच्या तळाच्या खोळीत घालायचा पाइप जमिनीपासून ४०० मिमी वर हवा, म्हणजे रॅचेट (मूठ हलवून पट्टा आवळायचे साधन) आणि त्याचा हुक मधे मावतो. त्याखालची फट झाकायला ७०० मिमीची वेगळी झालर शिवून घ्या: ४०० खाली उतरायला, ३०० जमिनीवर पसरायला.

शिवणाऱ्याला लेखी द्यायचे मुद्दे:

- कापड ७५० ते ९०० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम), पीव्हीसी लेपाचे पॉलिस्टर. जोड गरम हवेच्या किंवा हाय-फ्रिक्वेन्सी वेल्डिंगचे, नुसत्या शिलाईचे नकोत.
- वक्र कडेला ३३ आयलेट: एक नेमका शेंड्यावर, दोन्ही बाजूंना १६-१६. अंतर साधारण ३०५ मिमी. पितळी किंवा स्टेनलेस, अॅल्युमिनियमचे नकोत.
- उभ्या कडांच्या आत ८ मिमी दोरी शिवलेली.
- तळाला पाइपसाठी खोळ, रॅचेटच्या ९ जागी खाचा.
- कमान जिथे कंटेनरच्या माथ्याला टेकते त्या दोन्ही कोपऱ्यांवर ३०० मिमीचे दुहेरी कापड. फाटायला सुरुवात इथूनच होते.
- शेंड्याखाली जाळीची हवेची खिडकी, वर पावसाचे झाकण. आत ट्रॅक्टर किंवा जनरेटर चालणार असेल तर ही हवीच. पडदा बसल्यावर कापून लावलेली खिडकी ताणाची रेघ तोडते.

४. पाया आणि मधले खांब

८ मीटरचा पडदा मधे आधार न देता सोडू नका. ४ मीटरपर्यंतच्या लहान अंतराला नुसते कापड कसेबसे चालते. त्यापुढे ते वाऱ्यात आतबाहेर थडथडते आणि प्रत्येक थडथडीला आयलेट ओढले जातात. दोन खांब घ्या, कंटेनरपासून २.६७ मीटरवर एकेक. या जागी कमान जमिनीपासून ४.९४ मीटरवर आहे. ३९ च्या वाऱ्याला १०० बाय १०० बाय ५ मिमीचा चौकोनी पाइप हा सुरुवातीचा अंदाज धरा. ४४ ला तो कमी पडेल. अंतिम माप इंजिनिअरचे.

तळाशी कंटेनर ते कंटेनर ३०० मिमी रुंद, ४५० मिमी खोल सळईदार काँक्रीटची पट्टी ओता. १.०८ घनमीटर काँक्रीट लागते, वजन २.६ टन. खांबांच्या जागी ती ६०० मिमी रुंद करा. काळ्या मातीत खुंट्यांवर अवलंबून राहूच नका: उन्हाळ्यात माती भेगाळून खुंटी सुटते, पावसाळ्यात तीच माती लोण्यासारखी होते. तिथे मुरमाची भर घालून मगच पट्टी.

काँक्रीट ओतण्याआधी ९ आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट; रॅचेटचा हुक यात अडकतो) जागेवर बांधा. पहिला आणि नववा कंटेनरपासून २५० मिमीवर, मधले अंतर साधारण ९४० मिमी. सगळे एका दोरीत आणि पडद्याच्या नेमके खाली. आय-बोल्ट १०० मिमी आत-बाहेर गेला की रॅचेट तिरपा ओढतो आणि पाइप खोळीत फिरतो.

खांबाचे वरचे टोक कमानीला घट्ट वेल्ड करू नका, ही चूक महाग पडते. छत वाऱ्याने वर-खाली होते, कमानीही त्याबरोबर हलतात. खांब पक्का जोडला तर छताचा सगळा भार त्या दोन खांबांवर येतो आणि कमान तिथेच मुरडते. वरच्या पट्टीत उभे लांबट भोक ठेवा, १८ बाय ५० मिमी; त्यात १६ मिमीचा बोल्ट, भोकाच्या मध्यावर. नायलॉनचा लॉकनट हाताने लागेल इतकाच. खांब बाजूला हलणार नाही, कमान मात्र मोकळी राहील.

*तपासणी: काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी. त्याआधी आय-बोल्टवर ताण नाही.*

५. शेवटची कमान पक्की करणे

पडदा शेवटच्या कमानीला लटकतो, त्यामुळे ती स्वतःच्या पायावर उभी हवी. शेवटची आणि तिच्या आधीची कमान यांच्यामध्ये, कण्याच्या दोन्ही अंगांना, ८ मिमी वायर रोपचे फुलीसारखे ताण द्या. प्रत्येक ताणाला टर्नबकल (फिरवून ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड). ताण जिथे कमानीला मिळतो तिथेच दोन कमानींमधला आडवा पाइपही बोल्टने बांधलेला हवा, नाहीतर टर्नबकल आवळताना कमानी एकमेकींकडे ओढल्या जातात.

वायर रोपच्या प्रत्येक टोकाला थिंबल (दोराच्या वळणात बसणारी धातूची खोबण) आणि तीन क्लिपा. क्लिपचे खोगीर भार घेणाऱ्या दोरावर बसते आणि यू-बोल्ट दुमडून आलेल्या मोकळ्या टोकावर. उलट लावली तर यू भाराच्या दोराला चिरडतो. तिन्ही क्लिपा एकाच दिशेला. एक उलट, एक सुलट असे नाही.

शेंड्यावरून ओळंबा सोडा. दोन पायांमध्ये ताणलेल्या दोरीपासून तो १० मिमीपेक्षा दूर पडला तर टर्नबकल फिरवून कमान सरळ करा आणि मगच पुढे जा.

*तपासणी: छताचे कापड पूर्ण ताणलेले आहे का? छत नंतर ताणायचे ठरवले तर ते शेवटची कमान स्वतःकडे ओढते आणि बसलेला पडदा पुन्हा सैल पडतो. छत आधी. याला अपवाद नाही.*

६. कंटेनरवरची पट्टी

पन्हळी पत्र्याला भोके पाडून पट्टी मारू नका. तो पत्रा दीड-दोन मिमीचा, पन्हळीमुळे निम्मी पट्टी हवेत राहते, शिवाय प्रत्येक भोकातून पाणी आत जाते. कोपऱ्याचा खांब सपाट आणि जाड असतो. त्याच्या आतल्या अंगाला ५० बाय ५० बाय ६ मिमीचा अँगल वेल्ड करा. अँगलमध्ये दर ३०० मिमीला आडवे लांबट भोक, १२ बाय ३५ मिमी, एका बाजूला ८. वरून ४० बाय ५ ची फ्लॅट पट्टी, १० मिमीचे स्टेनलेस बोल्ट. कापड दोन्हींच्या मधे आणि कडेतली दोरी पट्टीच्या पलीकडे: ओढ बसली की दोरी पट्टीला अडकते, कापड सुटत नाही.

वेल्डिंगच्या जागेभोवती ५० मिमी रंग घासून काढा. जुन्या कंटेनरची लादी प्लायवूडची असते; आतला माल हलवा, आत एक माणूस पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा करा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबवा. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करायचा असेल तर जस्ताचा थर आधी घासून काढा, त्या धुराने माणूस आजारी पडतो. वेल्ड थंड झाल्यावर झिंक प्रायमर, मग रंग. पट्टीच्या धारा कानशीने गोल करा. कापलेल्या पट्टीवरून बोट फिरवा. बोटाला जे टोचते, ते कापडालाही टोचणार.

मधल्या दोन खांबांच्या बाहेरच्या कोपऱ्यांना रबरी पट्टी चिकटवा, पडदा तिथे सतत टेकणार आहे.

७. पडदा जमिनीवर तयार करणे

घडी थेट मुरमावर उघडू नका, खाली जुनी ताडपत्री अंथरा. कापडावर ओढला गेलेला एक टोकदार खडा लेपावर अशी रेघ मारतो की दोन पावसाळ्यांनी पाणी तिथून पाझरते.

बाहेरचा आणि आतला पृष्ठभाग ओळखून खडूने मोठ्या अक्षरांत लिहा. शेंड्याच्या आयलेटला लाल चिंधी बांधा; खालच्या कडेचा मध्य आणि काँक्रीटच्या पट्टीचा मध्य दोन्हींवर खूण करा. प्रत्येक आयलेटमध्ये पट्टा ओवून ठेवा, वर चढून ओवायची वेळ येऊ नये. मग दोन्ही बाजूंनी मध्याकडे पंख्याच्या घडीसारख्या चुण्या घाला, शेंडा सर्वांत वर येईल अशा. गुंडाळी करू नका, वर ओढताना ती पीळ घेते.

पट्ट्यांऐवजी एकच लांब दोरी ओवायची पद्धत आहे. ती टाळा. एका ठिकाणी दोरी तुटली की सगळी कड उसवत जाते. दोरीच वापरायची असेल तर चार तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याची गाठ स्वतंत्र.

लागणारे सामान एकदा मोजून घ्या: ३३ पट्टे अधिक ५ जादा, ५० मिमी पट्ट्याचे ९ रॅचेट, ४० एनबी (आतला व्यास साधारण ४० मिमी) पाइप ८ मीटर, दोन तुकड्यांत, आतून स्लीव्ह, १६ बोल्ट मोठ्या वॉशरसह, उचलायच्या तीन दोऱ्या, कप्पी, चाकांची परांची, सेफ्टी बेल्ट. २५ मिमीचे रॅचेट स्वस्त पडतात, पण इथे त्यांचे काम नाही.

८. उचलणे

पहाटे सुरुवात करा आणि ऊन तापायच्या आत पडदा वर बांधून घ्या, कारण दुपारी वारा सुटतो. ताशी १८ किलोमीटरची झुळूक या पडद्याला ५४ किलोंनी ढकलते. ताशी ३६ ची २१८ किलोंनी. वारा दुप्पट, ओढ चौपट. झाडाच्या बारीक फांद्या सतत हलू लागल्या असतील तर त्या दिवशी उचलू नका. वरून महावितरणची तार जात असेल तर परांची उभी करण्याआधी तिच्यापासून पुरेसे अंतर आहे याची खात्री करा.

चार माणसे आणि हुकूम देणारा एक. तोंड एकाचेच चालले पाहिजे.

१) शेंड्याची दोरी कप्पीतून घेऊन पडदा वर घ्या. कापडाचे वजन ३० ते ३६ किलो, पण घडी उलगडताना ते जास्त वाटते.

२) शेंड्याचा पट्टा बांधा. खूण जुळली का, हे खालून पाहा.

३) मग डावीकडे आठवा, उजवीकडे आठवा. त्यानंतर दोन्ही टोके. मधले सगळे शेवटी, एक डावा, एक उजवा.

४) सगळे पट्टे साधारण ५० मिमी सैल ठेवा. या टप्प्यावर काहीही आवळायचे नाही.

कंटेनरच्या टपावर माणूस चढणार असेल तर सकाळच्या दवाने तो पत्रा निसरडा असतो. बेल्टचा हुक कमानीला, पडद्याच्या दोरीला नव्हे.

९. ताणण्याचा क्रम

आता कामाचा गाभा. क्रम असा: वर, मग बाजू, मग खाली, आणि प्रत्येक ठिकाणी मधून कडेकडे.

पहिली फेरी: वरचे पट्टे शेंड्यापासून दोन्हीकडे निम्मे आवळा. बाजूच्या पट्ट्यांचे फक्त वरचे तीन-तीन बोल्ट हाताने लावा. खोळीत पाइप घाला आणि तसाच लटकू द्या. पाइपचे २८-२९ किलो वजनच अर्ध्या सुरकुत्या काढते. दहा मिनिटे थांबा. ही दहा मिनिटे वाचवू नका.

मग पंधरा-वीस पावले मागे जाऊन पडद्याकडे नीट पाहा. सुरकुती ज्या दिशेने धावते, त्या दिशेला ताण आहे. तिच्या आडव्या दिशेला तो कमी आहे. हा एक नियम लक्षात राहिला तर बाकीचे आपोआप सुचते. उभ्या सुरकुत्या असतील तर खाली आणखी ओढून उपयोग नाही, बाजूंना ओढायला हवे. आडव्या असतील तर बाजू आधीच जास्त ओढल्या गेल्या आहेत: त्या सोडा आणि खाली ताण द्या. एका कोपऱ्यातून तिरपी सुरकुती मध्याकडे येत असेल तर दोनच कारणे: तो कोपरा जास्त आवळला आहे, किंवा शेंड्याची खूण सरकली आहे. खूण सरकली असेल तर हळहळ न करता सगळे सोडून पुन्हा बांधा. कोपरे ओढून तिरपेपणा जात नाही.

दुसरी फेरी: वरचे पट्टे पूर्ण. बाजूच्या पट्ट्या वरून खाली येत, डावा-उजवा आलटून पालटून. पट्टी बाहेर ओढून बोल्ट कसा. मग खालचे रॅचेट: मधला पाचवा, मग चौथा-सहावा, असे कडेपर्यंत. प्रत्येकाला थोडा ताण द्या आणि पुढे चला.

तिसरी फेरी: तेच पुन्हा, पूर्ण ताणापर्यंत. रॅचेटच्या फिरत्या आसावर पट्ट्याचे किमान दीड-दोन वेढे हवेत आणि तीनपेक्षा जास्त नकोत. मुठीला पाइप घालून जोर लावू नका. हाताने जेवढा येतो तेवढाच ताण हवा.

पूर्ण ताण कसा ओळखायचा? पडद्याच्या मध्यावर उघड्या पंजाने थाप मारा. डफासारखा भरीव आवाज आला आणि कापड लगेच जागेवर आले तर पुरे. थापेनंतर लाट कडेपर्यंत गेली तर अजून सैल आहे. उलट, जास्त ताणाची खूण आयलेटपाशी दिसते. जवळ जाऊन पाहा: आयलेटभोवती कापडावर केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या असतील, भोक गोल न राहता अंडाकृती झाले असेल, तर ताण जास्त झाला. तो पट्टा आणि त्याच्या दोन्ही शेजारचे पट्टे थोडे सोडा. नेमके एकाच आयलेटचे असे झाले असेल तर त्याच्या शेजारचे पट्टे सैल आहेत.

*सावध: भर दुपारच्या चाळीसच्या वर गेलेल्या उन्हात शेवटचा ताण देऊ नका. पीव्हीसी उन्हात मऊ आणि लांब होते, थंडीत आखडते. दुपारी कडक ताणलेला पडदा डिसेंबरच्या पहाटे आयलेट उपटतो.*

१०. झालर, फटी आणि दार

छताच्या कापडाची बाहेरची झालर कामाच्या वेळी वर दुमडून ठेवलेली असेल. ती आता पडद्याच्या वरच्या कडेवरून खाली सोडा. कौलांसारखेच: वरचे खालच्यावर. पडद्याची कड छताच्या झालरीवरून घेतली तर सगळे पाणी आत येते.

कमानीच्या पायाशी, कंटेनरच्या माथ्यावर, एक तिकोनी फट उरते. बाहेरून दिसत नाही, पहिल्या पावसात आतून कळते. तिथे कापडाचा तुकडा गरम हवेने जोडून घ्या. फोम कोंबून ठेवू नका, तो पाणी धरतो आणि खालचा पत्रा गंजतो.

तळाची झालर बाहेरच्या बाजूला पसरा, खाली मुरमाचा उतार बाहेरच. वर वाळूच्या पिशव्या. मातीत पुरू नका.

मागेही दार हवे असेल तर ते दोन खांबांच्या मधे, लोखंडी चौकटीत करा. कापडी चेनचे दार आपल्या धुळीत फार टिकत नाही, आणि जोराच्या वाऱ्यात चेनच आधी उसवते.

११. नंतरच्या तपासण्या

२४ तासांनी सगळे पट्टे आणि रॅचेट पुन्हा पाहा. नवे कापड पहिल्या दिवशी सर्वांत जास्त सैलावते. मग आठवड्याने, मग पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर. पावसाळ्यात महिन्यातून एकदा. समुद्राजवळ रॅचेटच्या स्प्रिंगा आणि टर्नबकलच्या आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर वर्षभरात ते जागेवर जाम होतात आणि गरजेच्या दिवशी सुटत नाहीत.

छोटे भोक दिसले तर त्याच दिवशी बुजवा. ठिगळ त्याच जातीच्या कापडाचे, भोकाच्या चारी बाजूंना ५० मिमी जास्त, कोपरे गोल कापलेले. चौकोनी कोपरा उचकटतो. जागा आधी पुसून कोरडी करा.

वादळाचा इशारा असेल तर पडदा आदल्या दिवशी, शांत हवेत, खालून वर अशा उलट क्रमाने उतरवा. वारा सुरू झाल्यावर ‘हवा जाऊ द्या’ म्हणून एक बाजू सोडण्याचा मोह होतो. सोडू नका. सुटलेल्या कडेला ८ मीटरचा लोखंडी पाइप असतो आणि तो चाबकासारखा फिरतो. त्या वेळी माणसे शेडबाहेर काढा आणि पडदा आहे तसा राहू द्या.